गिरणीमागचा आवाज

कुणीबी इश्वास ठेवला न्हाई माझ्यावर — आन् आता तुमी पुण्याहून गाडी करून आलाव आन् म्हणताव, मावशी, खरं सांगा. खरंच सांगत होते की मी. ज्याला त्याला सांगितलं. मालकाला सांगितलं, माझ्या नवऱ्याला, दगडोबाला — ते हातातली बशी खाली न ठेवता म्हणले, पोरगी अभ्यास करायली, तू तुझी गिरणी बघ. भावाला फोन लावला, शेषेरावला, भोकरला मास्तर हाय, शिकलेला माणूस — त्यो हसला. म्हणला, अक्का, तुझी चौथी झाली, शिवकन्यानं नांदेडला इंजिनिअरिंग केलं, ती इंग्रजीत काय बोलती ते तुला कळंना म्हणून तुला भ्याव वाटालंय. आता सांगा. इंग्रजी न्हाई कळत, कबूल. पण नाव कळतं का न्हाई? माणसाचं नाव काय इंग्रजीत येगळं असतंय का? माझी पोरगी भिंतीच्या पल्याड बसून म्हणती, माय नेम इज अमकी ढमकी — आन् ती अमकीबी न्हाई आन् ढमकीबी न्हाई. तिचं बारसं मी केलंय. तिचं नाव मला ठाऊक असंल का त्या मास्तरला?

बसा. पोत्यावर नका, त्यात कुणाची तरी जवारी हाय — खुर्ची घ्या. पीठ लागंल कपड्याला, काळा डरेस हाय तुमचा, पण झटकलं की जातंय. गिरणी? बंद हाय. न्हाई न्हाई, लाईट हाय, त्यो काय बल्ब दिसायला की — मीच बंद ठेवलीय. ठेवलीय म्हणजे ठेवलीय, माझी गिरणी हाय. तुमी चहा घ्या आधी. आन् एक सांगा, त्या गाडीत बसलाय त्यो कोण? डायवर? डायवर हाय तर खाली का उतरना? इतक्या उन्हात काच वर करून कोण बसतंय? उतरू द्या त्याला, झाडाखाली बसू द्या, मला तोंड दिसू द्या त्याचं. भेत न्हाई मी, तसं समजू नका. रेणापुरात कुणालाबी इचारा, ही गिरणीवाली कुणाला भेती का — सासऱ्याला भ्याले न्हाई, वीजवाल्याला भ्याले न्हाई. निस्तं इचारते. पोलिस न्हाई ना तुमच्या संगं? — बरं. न्हाई म्हणलाव तर न्हाई.

शिवे. — शिवे गं. — हां, वाजली. काही न्हाई, वाटी वाजली आत. पोरगी हाय, तिला जरा बरं न्हाई. तुमी बोला.

करिश्मा. हो, ओळखते, कशाला खोटं बोलू. मुदखेडची. बाप रेल्वेत, रुळावर कामाला. बारीक पोरगी, मान अशी घालून बसायची, कुणी खेकसलं तर फुटंल अशी. संगं डबा आणला होता, पोळी आन् लोणचं, लाजत लाजत उघडला — मी म्हणले, झाक त्यो, गरम भाकर टाकते, खा. दोन घास खाल्ले आन् डबा झाकून म्हणली, मावशी, बास, येळ झाली. मला वाटलं परीक्षा असंल. परीक्षाच होती म्हणा, पण कुणाची ते मला ठाऊक न्हवतं. दोघी आत गेल्या, तवा मी चुलीपासून उठून हात पुसत आले आन् त्या दाराच्या फटीतून बघितलं. काय बघितलं सांगू? करिश्मा बाजेवर बसलेली, लॅपटॉपच्या म्होरं, केस इंचरलेले, ओढणीला पिन लावलेली. आन् माझी पोरगी बाजेखाली. खाली, मॅडम. गोधडी टाकून पालथी पडली होती, तोंडापाशी काळं बोंडाएवढं काहीतरी धरलेलं. वरची निस्ते ओठ हलवायली आन् आवाज खालून यायला. वरची हसायली तवा खालची हसना, खालची बोलायली तवा वरचीच्या डोळ्यांत पाणी. अंगात येतं ते बघितलंय मी, बाई एक आन् बोलणारं दुसरंच कुणी — पण तितं निदान तोंड आन् गळा एकाच बाईचा असतोय. हे काय होतं? मी भिंत धरून उभी राहिले.

आन् तेवढ्यात रुक्मिणबाई आली दळण घेऊन. उंबऱ्यात उभी, म्हणती घरी पाव्हणे बसलेत, एवढं दळून दे. शिवीनं बजावलेलं होतं, आई, आत काम चालू हाय तवर गिरणी लावायची न्हाई. ह्या गल्लीत सगळ्यांला ठाऊक झालं होतं, दुपारची गिरणी बंद म्हणजे शिवीचा क्लास चालू हाय. पण म्हणलं लावू. खरं सांगू का — रुक्मिणबाईसाठी न्हाई लावली मी. मुद्दाम लावली. म्हणलं बिघडू दे एकदाचं, पट्टा असा धडाधडा वाजू दे, त्या लोकांच्या कानठळ्या बसू दे, आन् सुटू दे माझ्या पोरीला त्या बाजेखालून. स्टार्टर दाबला आन् दारापाशी येऊन उभी राहिले. तर तुमच्याच कंपनीच्या माणसांनी इचारलं म्हणं, मागं कशाचा आवाज येतोय. आन् शिवीनं खालूनच जवाब दिला — घरची गिरणी हाय, आई चालवती, माफ करा. करिश्माच्या तोंडून. करिश्माच्या घरात कुणी गिरणीचा पट्टा हातात धरला नसंल. तुमी खूश झालाव म्हणं. हो, करिश्मानंच सांगितलं नंतर, मॅडमला लई चांगलं वाटलं, कष्टाच्या घरची पोरगी हाय म्हणल्या. तुमीच होता का त्या? — तुमीच. अस्सं.

मग आता का आलाव? तुमीच निवडली ना तिला. तुमी तिच्या तोंडाकडं बघत होता ना तवा? आमी गावातली माणसं कोंबडी घेताना बी पख वर करून बघतो. तुमी नोकरीला माणूस घेता आन् त्याचं तोंड आन् बोलणं एकाच गड्याचं हाय का ते बघत न्हाई. — रागवू नका. बघितलं असंल. नेट बारीक असतंय आमच्याकडं, चित्र अडकतंय, आवाज आधी येतोय आन् ओठ मागून — त्यो अमरेश म्हणलाच होता की, नेट वाईट हाय हेच आपलं नशीब हाय.

अमरेश. लातूरचा. प्लेसमेंटवाला म्हणायचे त्याला. नोकरी लावून देतो, कंपनीशी वळख हाय, असा बोर्ड. गोड बोलायचा, आला की पाया पडायचा माझ्या, मावशी म्हणायचा, तुमच्यासारखाच — म्हणून मला आता कुणी मावशी म्हणलं की अंगावर काटा येतो, तुमी वाईट वाटून घिऊ नका. शिवी साऱ्या कंपन्यांला अर्ज टाकून थकली होती. कुठं कॉलेजाचं नाव बघून सोडून द्यायचे, कुठं सगळं बरोबर यायचं, तासन्तास बोलायचे तिच्याशी, हसायचे, आन् मग — काहीच न्हाई. गप. तिला तेच लागायचं. म्हणायची, आई, नापास तरी म्हणा ना, मला कळू तरी दे माझं काय चुकलं. तवा हा भेटला. त्यानं तिला बोलताना ऐकलं आन् म्हणला, तुझा आवाज लई चालणारा हाय, डोकं बी हाय, फक्त तुझं नाव चालंना. आधी माझ्या पोरींसाठी बोल, मग तुला मीच बसवतो चांगल्या जागी. मी म्हणले, शिवे, असलं काही नको. ती म्हणली, आई, तू मला पुण्याला जाऊ देत न्हाईस, लातूरला जाऊ देत न्हाईस, मी घरात बसून काहीतरी करते तर ते बी नको? न्हाई जाऊ दिलं मी. एकटी पोरगी. तुमाला काय, तुमी गाडी करून कुठंबी जाता. मग पोरी इकडंच यायला लागल्या, बसमधून उतरायच्या, तोंड धुवायच्या माझ्या नळावर, पावडर लावायच्या. गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, अगं केवळा, तुझ्याकडं पोरी दाखवायचा कार्यक्रम असतोय का. मी हसायचे.

शिवे. — वाजली. दोनदा वाजवली, ऐकलाव का? ती चिडली की दोनदा वाजवती. ऐकायली ती सगळं. ऐकू दे.

सांगते. का वाटी, ते सांगते. तुमची करिश्मा कामावर रुजू झाली ना, आन् तितं तिला साहेबानं समोर बसवून काहीतरी इचारलं ना — तिनं फोन केला होता शिवीला. मी हितंच होते. फोन मोठ्या आवाजावर होता, पीठ माखलेला हात होता शिवीचा, ती मला मदत करायली होती. करिश्मा रडायली. म्हणली, ताई, मला इथं कुणी काही इचारलं की मी आपोआप खाली बघते गं, तू हाईस का बाजेखाली म्हणून. तेवढंच म्हणली. मग तुमी तिला घरी लावून दिलं. मग त्या अमरेशचा फोन आला. त्या दिवशी मावशी म्हणला न्हाई. म्हणला, तोंड उघडलं तर याद राखा, सगळ्या पोरींचे आवाज माझ्याकडं धरून ठेवलेत, सगळ्यांत एकच आवाज हाय, आन् त्यो माझा न्हाई. माझं नाव कुठंच न्हाई, माझं तोंड कुठंच न्हाई, पोलिस आले तर आवाज ज्याचा त्यालाच नेतील. — तवापासून शिवी बोलंना. एक शब्द न्हाई. बापाशी न्हाई, माझ्याशी न्हाई. सकाळी बाहेर येती, आंघोळ करती, परत आत, कडी लावती. भाकर खिडकीतून देते. ज्या पोरीच्या बोलण्यावर लोकांच्या पोरींच्या नोकऱ्या लागल्या, ती आता वाटीवर चमचा वाजवती. मीच तिला दार बडवून बडवून म्हणले, बोलू नको, पण मी हाक मारली की काहीतरी वाजव, मला कळू दे तू हाईस. म्हणून गिरणी बंद. गिरणी लावली की वाटी ऐकू येत न्हाई मला. गिऱ्हाईक जातंय खालच्या आळीला, जाऊ दे.

भ्याव कसलं म्हणता? तुमाला लेकरू हाय का? — मग न्हाई कळणार. फवारणीचा डबा मी शेजारी नेऊन ठेवला. विहिरीच्या वाटेनं येणं-जाणं करती का बघते. दोर, दावं, सगळं गोठ्यातून काढून मालकाच्या संगं शेतात पाठवलं. मालक म्हणले, काय येडी झालीस का, बैल कशानं बांधू. मी म्हणले, हातानं धरा. न्हाई, त्यांलाबी अजून पटलं न्हाई. म्हणतेत, पोरगी रुसलीय.

तुमच्या नोकरीवर आलंय म्हणता. तुमी निवडली म्हणून तुमाला जवाब द्यावा लागायला, वर नाव द्यावं लागायला कुणाचं तरी. अमरेशकडं गेला होता? बोर्ड काढलाय ना? त्याच्या हापिसाखाली त्यो शिंपी हाय, त्याला इचारलं असंल, तर म्हणला असंल ठाऊक न्हाई. मला होतंच ठाऊक. मग नाव कुणाचं देणार — आवाजाचं. बघा, त्यो बोलला तसंच झालं. तुमी गोड बोलता म्हणून मी सांगत बसले, आन् शेवटी तुमीबी त्याच दारात येऊन बसला. काढा ती फोनची टेप, ऐकवा. ऐकवा की, ज्याच्यासाठी आलाव ते. — हां. हीच. ही शिवी. पट्टा वाजायला मागं. किती साफ बोलती बघा, कुठं अडखळती का? — थांबा, आता तर ती शिवकन्या म्हणली. हे करिश्माचं न्हाई. हे कुठलं? — मागच्या साली? तिचं सोताचं? तिच्या सोताच्या नावानं?

म्हणजे तुमची कंपनी तीच हाय. म्हणून हितं आलाव. मी म्हणते, करिश्मानं तर पत्ता दिला न्हाई, ती द्यायची न्हाई, मग ही बाई सरळ माझ्या दारात कशी. गिरणीवरून आलाव. दोन पोरी, दोघींच्या मागं गिरणी, दोघींच्या तोंडी आई गिरणी चालवती — आन् तुमाला आठवलं, शिवीच्या जुन्या अर्जावर पत्ता होताच. डोकं हाय तुमाला. ते बरं हाय. मग मागच्या साली का न्हाई घेतलं माझ्या पोरीला? एवढं आठवणीत राहिली, तर का न्हाई घेतलं? तुमी तर आल्यापासून तक्रार करायलाव की माणसं मिळंनात. मिळतात ती खोटी निघतात, आन् खरी असतात ती फोन उचलत न्हाईत. माणसं मिळंनात म्हणता, आन् माझी पोरगी बाजेखाली पडली होती, मॅडम. तुमाला दिसली न्हाई.

आन् फोनाचं म्हणाल तर फोन कसा उचलावा माणसानं? काळ कसला आलाय. कुणी फोन लावा, आधी ती बाई बोलती फोनमधली, सावध राहा, फसवणूक होती. हितं एकाचं खातं मोकळं केलं, बसल्या जागी. मला तर आलाच होता तसला फोन. ऐका, गंमत हाय. मी एकटीच होते गिरणीत, पट्टा घसरला होता, हाताला वंगण. फोन उचलला तर एक बाई, अशी गुळगुळीत बोलणारी, पुण्यामुंबईची, म्हणती, अभिनंदन. म्हणलं, झालं. अभिनंदन म्हणलं की समजायचं. म्हणती, शिवकन्या हायत का — पोरीचं नाव बी काढलं होतं बघा त्यांनी. जन्मतारीख सांगा म्हणती, आधार तयार ठेवा म्हणती. मी काय सोडते का? म्हणले, रांडे, हितं कुणी शिवकन्या न्हाई, परत फोन केलास तर पोलिसात दीन, तुझ्या तोंडात जवारी भरून गिरणीत घालीन. ती म्हणायली, अहो ऐका, अहो ऐका — कट. तिचा नंबर बी माझ्या फोनात बंद करून टाकला, पोरासोरांकडून करून घेतला. आख्ख्या गल्लीला सांगितलं. रुक्मिणबाई तर पदर तोंडात धरून हसली. शिवीला निस्तं एवढंच सांगितलं, चोराचा फोन आलता, अशा शिव्या घातल्या; ती बी हसली होती पोट धरून, म्हणली, आई, तुझ्यापुढं चोराचं काय चालणार.

नंबर माझा कसा? माझाच देतो आमी सगळीकडं. पोरीचा नंबर कुठंबी द्यायचा न्हाई, मी सांगून ठेवलंय तिला आधीपासून, शाळेत असल्यापासून. अर्ज असो काही असो, आईचा नंबर टाकायचा. आजकाल कुणीबी नंबर घेतं, फोटो लावतं, नको ते बोलतं. पोरीच्या जातीचा नंबर कसा द्यावा उघड्यावर. आमच्यात असंच असतंय, कुणाच्याबी घरात जा —

का? चहा का ठेवलाव? पडली का माशी?

काय म्हणलाव?

न्हाई. न्हाई, ते येगळं. ती चोर होती. ती बाई अशी बोलत न्हवती, तिचा आवाज — म्हणा बघू. म्हणा एकदा. अभिनंदन म्हणा.

पुन्हा म्हणा.

हे बघा, मॅडम, हळू बोला. खुर्ची हिकडं घ्या, माझ्याजवळ. हळू. मला काय ठाऊक हो? तुमी नोकरी म्हणायचं ना आधी. आधी नोकरी म्हणायचं, कंपनी म्हणायचं, मग अभिनंदन. तुमी अभिनंदनच आधी म्हणलाव. आन् मग पुन्हा का न्हाई केला? केला? लागला न्हाई — कसा लागंल, मीच बंद केला. मग कागद धाडायचा. फोनवर हो म्हणल्याशिवाय कागद निघत न्हाई? असला कसला कायदा. मग काय लिहिलं तुमी? कँडिडेट तयार न्हाई, म्हणून लिहिलं? माझी पोरगी तयार न्हवती म्हणून? ती इथं रोज इचारायची मला, रोज, गिरणीच्या आवाजात वरडून इचारायची, आई, फोन आलता का, आई, फोन आलता का. आन् मी म्हणायचे, न्हाई गं माय. खरंच सांगत होते की मी. माझ्या हिशोबानं खरंच सांगत होते.

ती ऐकायली असंल का? एवढ्या हळू बोललो आपण. टेप मोठ्यानं लावलाव तुमी, पण त्यानंतर हळूच —

शिवे.

शिवे, वाटी वाजव माय.

थांबा, बोलू नका तुमी. श्वासाचा बी आवाज करू नका.

शिवे. अगं वाजव. एकदा वाजव. चिडली असशील तर दोनदा वाजव. दहादा वाजव. मला शिव्या दे. — न्हाई वाजत. मॅडम, न्हाई वाजत. मघाशी वाजवली होती ना? तुमी ऐकलाव ना? ती आधी जागी होती ना? खिडकी तिकडून हाय, गोठ्याकडून, तुमी तिकडून जा, बघा — न्हाई थांबा, मीच जाते, न्हाई, दारच — शिवे, दार मोडीन मी. माझ्या हातात लोखंडी पाना हाय. शिवे, ती बाई चोर न्हवती गं, तू नापास झाली न्हवतीस, तू पास झाली होतीस, ऐकलंस का, तुझं काहीच चुकलं न्हवतं, तुझं नाव चालत होतं, ते मी — कडी काढ. कडी काढ गं माझे माय.

—

काढली. काढली, मॅडम. कडी काढली तिनं.

बस तितंच. उंबऱ्याच्या आत. बाहेर येऊ नको, गाडीत माणूस बसलाय. काय बोलू नको. इतके दिवस गप होतीस, आता आणखी जरा गप बस, तोंड उघडलंस तर बघ. ओठ हलवू नको म्हणते ना. ह्या बाईच्या हातात फोन हाय.

मॅडम, तुमी तिच्याकडं बघू नका. हिकडं बघा, माझ्याकडं. तुमी म्हणायलाव, घाबरू नका, तिचं वाईट होऊ देणार न्हाई, तिला पुन्हा बोलावू. त्यो बी असंच म्हणला होता — तुला मीच बसवतो. तुमी खऱ्या असाल. असाल बी. पण मला आता खऱ्या-खोट्यातलं कळतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? खऱ्या बाईला चोर समजले आन् चोराला भाकर वाढली. माझ्या कानावर माझाच इश्वास उरला न्हाई. म्हणून तुमाला काय लिहायचं ते मी सांगते, तेवढंच लिव्हा. तुमाला वर नाव द्यायचंय ना? द्या. बाजेखाली कोण होतं? तुमी बघितलं का? तुमच्या साहेबानं बघितलं का? तुमच्या फोनात आवाज हाय, आवाजाला तोंड कुठं हाय? करिश्मा सांगायची न्हाई, अमरेश पळाला. बाजेखाली मी होते. हसू नका. इंग्रजी मी बोलले. कुठं शिकले? गिरणीत शिकले, दळता दळता. काय चुकीचं लिहालाव त्यात — फोन मी उचलला, गिरणी मी लावली, पोरीचा नंबर मी दिऊ दिला न्हाई, पोरीला मी जाऊ दिलं न्हाई, मग आवाज तेवढा तिचा कसा? त्यो बी माझाच. तुमचे साहेब इश्वास ठेवणार न्हाईत? नको ठेवू देत. मला सवय हाय त्याची.

शिवे, रडू नको. मागं हो. माझ्या पदराला धरू नको, मला बोलू दे.

चहा गार झाला तुमचा, राहू द्या. लिव्हा आन् जावा आता, त्या डायवरला घेऊन जावा. पुढच्या वेळी फोन लावाल तर तिच्या नंबरावर लावा, ती देईल तिची तिची. लिव्हा. बाई, चौथी शिकलेली, राहणार रेणापूर, धंदा गिरणी. आन् पुरं नाव लिव्हा, निस्तं मावशी लिहू नका — केवळाबाई दगडोबा आकनगिरे.